सोनेरी मासा रंग का बदलतो?



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका मुक्या जीवाविषयी. तालुक्याच्या बाजारात किंवा गावच्या जत्रेत पाण्याने फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगून ठेवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या पिशवीत नारिंगी रंगाचा, झगमगता मासा सुळकन इकडून तिकडे फिरत असतो. त्याला गोल्डफिश म्हणतात; आपण त्याला सोनेरी मासा म्हणू. तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी माणसे. आम्हाला मरळ ठाऊक, रोहू-कटला ठाऊक. हा शोभेचा मासा आमच्या काय कामाचा? खरे आहे. पण पोराने जत्रेत हट्ट धरला की बाप विरघळतो, आणि मासा घरी येतो. शाळांतूनही आता तो दिसू लागला आहे. आणि एकदा घरी आला, की महिना-दोन महिन्यांत प्रश्न येतोच: "याचा रंग असा का बदलला?" कुणाचा मासा नारिंगीचा पांढरा होतो, कुणाचा काळ्याचा नारिंगी होतो, कुणाच्या सोन्यासारख्या माशावर काजळी धरल्यासारखे डाग पडतात.

हा प्रश्न मलाही पडला होता. पण तो मी विचारला उशिरा, आणि त्या उशिराची किंमत एका माशाने मोजली. ती गोष्ट आधी सांगतो.

मी शाळामास्तर. आमच्या शाळेत एका पालकांनी दोन सोनेरी मासे आणि काचेचे एक गोल भांडे भेट दिले. मुलांना कोण आनंद! सहावीतल्या एका मुलीकडे मी त्यांची देखभाल सोपवली. तिला म्हटले, रोज काय दिसते ते एका वहीत लिहून ठेव. ती इमानाने लिहीत राहिली. नवव्या दिवशी दोन्ही मासे तळाशी जाऊन बसले, परांवर तांबड्या रेघा दिसू लागल्या, खाणे बंद झाले. दहाव्या दिवशी आम्ही अर्धे पाणी काढून नवे घातले. त्या दिवशी नळाला पाणी आले नव्हते, म्हणून ते शेजारच्या विहिरीवरून आणले. मासे सुधारले. आणि मग आठवडाभराने एका माशाच्या पाठीवर आणि परांच्या कडांवर काळे डाग उठले.

मुले धावत आली. "गुरुजी, मासा जळल्यागत दिसतोय!" मी पाहिले आणि ठरवून टाकले, की हा रोग. दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून सगळे पाणी ओतून दिले, भांडे आणि आतले खडे सोडा लावून घासले, आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडले. त्याच सकाळी गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली होती. दुपारच्या सुट्टीपर्यंत एक मासा पोट वर करून तरंगू लागला. श्रोतेहो, मेला तो अंगावर एकही डाग नसलेला मासा. दुसरा वाचला, तोही माझ्यामुळे नव्हे. त्या मुलीने कुणाला न विचारता त्याला विहिरीच्या पाण्याच्या बादलीत नेऊन सोडले होते, म्हणून तो वाचला.

संध्याकाळी मी तिची वही वाचली. अकराव्या दिवशी लिहिले होते, "दोघे जेवले." सोळाव्या दिवशी लिहिले होते, "एक काळा पडतोय, पण पळतोय लई." म्हणजे मासा आधी आजारी होता, मग बरा झाला, आणि त्यानंतर काळा पडला. उत्तर वहीत होते. मी वही न पाहता माशाकडे पाहिले, आणि माशाकडेही धड पाहिले नाही.

तेव्हापासून या रंगाच्या मागे मी लागलो. जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, माशाचा रंग येतो कुठून? खवल्यावर तो लावलेला नसतो. खवला स्वतः काचेसारखा, जवळजवळ बिनरंगाचा असतो. रंग असतो तो कातडीत, खवल्यांच्या वर आणि खाली पसरलेल्या बारीक पेशींत. त्यांना रंगपेशी म्हणू. सोनेरी माशात त्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या असतात. एक काळ्या, त्यांत मेलॅनिन नावाचे द्रव्य असते, आपल्या केसांत आणि कातडीत असते तेच. दुसऱ्या पिवळ्या-तांबड्या. तिसऱ्यांत रंग नसतोच. त्यांत आरशाच्या कपच्यांसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांवरून उजेड परततो, आणि मासा चकाकतो. बांगडा किंवा पापलेट पाहिला असेल तर त्याची रुपेरी चमक तुमच्या डोळ्यांपुढे येईल. ती याच स्फटिकांची करामत.

या तीन पेशींच्या कमीजास्त प्रमाणातून सगळे रंग होतात. तांबड्या पेशी आणि खाली आरसा, की सोने. तांबडे गेले आणि आरसा राहिला, की चांदी. काळे वरचढ झाले, की काळा मासा. सगळे एकत्र कालवले, की तपकिरी-हिरवट मासा. तेव्हा मासा रंग बदलतो म्हणजे काय, तर या तिघांपैकी कुणीतरी वाढतो, कुणीतरी घटतो, किंवा कुणीतरी पसरतो नाहीतर आखडतो. आता असे का होते ते एकेक करून पाहू.

पहिले कारण जन्माचे. सोनेरी माशाचे मूळ चीन देशात आहे. तो कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद. त्याचे रानटी पूर्वज दिसायला साधे, तपकिरी-करडे होते, आणि असायलाच हवेत. चिखलाच्या तळ्यात भडक रंगाचा मासा बगळ्याला लांबून दिसतो. पण अधूनमधून एखादे पिल्लू तांबूस निपजे. असे वेगळे मासे चिनी लोकांनी तळ्यांतून जपले. बौद्ध देवळांच्या तळ्यांत ते जीवदान म्हणून सोडले जात. पुढे सुंग राजवटीत, म्हणजे इसवी सन ९६० ते १२७९ या काळात, त्यांची मुद्दाम पैदास होऊ लागली. मिंग राजवटीत, १३६८ ते १६४४ या काळात, ते घराघरांतून भांड्यांत पाळले जाऊ लागले. तळ्यातला मासा भांड्यात आला, की माणूस त्याला जवळून पाहतो. मग दोन शेपट्यांचे, फुगीर डोळ्यांचे, ठिपक्यांचे असे प्रकार निवडून निवडून वाढवले गेले. सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला. बैलांची खिल्लारी जात जशी माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून राखली, तसेच हे.

पण रक्तातली जुनी सवय सुटत नाही. सोनेरी माशाचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा सोनेरी नसते. ते पूर्वजांसारखेच तपकिरी-हिरवट असते. काही महिन्यांनी त्याच्या काळ्या पेशी मरू लागतात आणि त्यांच्याखाली झाकलेला नारिंगी रंग उघडा पडतो. वडाचे किंवा फणसाचे पान पिकताना पाहा. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरवा उतरला की तो दिसू लागतो. माशातही तसेच. काही पिल्ले लवकर रंग धरतात, काही वर्षाने धरतात, काही जन्मभर तपकिरीच राहतात. हा बदल होत असताना मासा मोठा विचित्र दिसतो. पोट सोनेरी, पाठ काळी, मध्येच ठिपके. हा रोग नव्हे. हे त्याचे वयात येणे आहे.

काळ्या माशांचेही असेच. फुगीर डोळ्यांचा मखमली काळा मासा हौसेने आणावा आणि वर्ष-दोन वर्षांत तो पोटाकडून तांबूस होत जावा, हे फार ठिकाणी घडते. लोकांना वाटते, दुकानदाराने रंग फासून विकला. तसे नाही. त्याच्या काळ्या पेशी उशिरा का होईना गळू लागल्या, एवढेच.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आनुवंशिकता शिकवताना आपण मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढतो. चीनमध्ये शिसान चेन नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी हाच विषय सोनेरी माशावर तपासला, आणि १९२८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्याच्या कातडीतला आरसा हरपला आहे असा पारदर्शक मासा आणि साधा चकाकणारा मासा यांची त्यांनी जोडी लावली. पिल्ले झाली ती ना पारदर्शक, ना साधी, सगळी ठिपक्याठिपक्यांची. मग या ठिपकेवाल्यांची आपसांत जोडी लावली. त्यांच्या पोटी साधारण चारांत एक साधे, दोन ठिपकेवाले आणि एक पारदर्शक असा हिशेब निघाला. आपल्या अंगणातल्या गुलबक्षीचे असेच असते: लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला की गुलाबी फुले येतात, आणि गुलाबीच्या बियांतून पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही निघतात. तेव्हा ठिपकेवाल्या माशाची पिल्ले वेगवेगळ्या रंगांची का, याचे उत्तर गुलबक्षीच्या झाडाखाली बसून देता येईल.

दुसरे कारण खाण्याचे. हे तुम्हाला चटकन पटेल, कारण ते तुमच्या घरात रोज दिसते. मोकळी फिरणारी, हिरवा पाला टिपणारी गावरान कोंबडी घ्या. तिच्या अंड्याचा बलक गडद पिवळा असतो. गाईच्या तुपाला पिवळी झाक असते. हा पिवळा रंग कोंबडी किंवा गाय स्वतः तयार करत नाही; तो हिरव्या चाऱ्यातून, मक्यातून येतो. या द्रव्यांना कॅरोटिनॉइडे म्हणतात. म्हैस तोच चारा खाते, पण ती त्या पिवळ्या द्रव्याचे जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे दूध पांढरे.

सोनेरी मासा या बाबतीत कोंबडीसारखा आहे. नारिंगी रंगाचे मूळ द्रव्य त्याला अंगात घडवता येत नाही. ते बाहेरूनच मिळावे लागते. तळ्यात तो शेवाळ खातो, पाण्यातले बारीक किडे खातो, त्यांतून ते मिळते. त्याला आणखी एक कसब साधले आहे. मक्यात किंवा शेवाळात असणारी पिवळी द्रव्ये घेऊन तो त्यांचे तांबडे द्रव्य बनवू शकतो. पण पिवळे आधी पोटात गेले पाहिजे. आपण त्याला काय घालतो? भाताची शिते, पोळीचा चुरा, बिस्किटे. पोट भरते, पण रंगाला काही मिळत नाही, आणि मासा हळूहळू फिकट पडत जातो. शिवाय हे अन्न तळाशी कुजते. त्यापेक्षा माशांचे चांगले तयार खाद्य द्यावे. मधूनमधून उकडून गार केलेला पालक किंवा साल काढलेला मऊ वाटाणा अगदी थोडा द्यावा. रंग परत येतो, पण आठवड्यांनी. औषधासारखा दुसऱ्या दिवशी नाही. आणि किती घालावे? दोन मिनिटांत संपेल तेवढेच. मासा नेहमीच भुकेला दिसतो. त्याच्या तोंडाकडे पाहून वाढू नये.

तिसरे कारण उजेडाचे. अंधाऱ्या खोलीत, फडताळाच्या कोपऱ्यात ठेवलेला मासा फिकट होतो. झाकलेल्या टोपल्याखालचे गवत जसे पिवळट पडते, तसे दिसते खरे. कारण मात्र वेगळे आहे. उजेडात रंगपेशी नीट वाढतात, शेवाळही वाढते, आणि मासा ते चरतो. पण म्हणून भांडे भर उन्हात ठेवू नका. लहान भांड्यातले पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो.

उजेडाबरोबर आसपासच्या रंगाचाही परिणाम होतो. पुष्कळ मासे पांढऱ्या तळाच्या भांड्यात फिकट होतात आणि काळ्या तळाच्या भांड्यात गडद. हे कसे घडते? ताटात मधोमध मूठभर मोहरी ठेवा. ताट पांढरे दिसेल. तीच मोहरी हाताने पसरा. ताट काळे दिसेल. मोहरी तेवढीच! काळ्या रंगपेशीत रंगाचे बारीक कण असेच मध्यभागी गोळा होतात किंवा पसरतात. हुकूम येतो डोळ्यांकडून. डोळा तळ आणि वरचा उजेड पाहतो, मेंदू आणि त्याखालची ग्रंथी अंतःस्राव सोडते, आणि कण हलतात. कण गोळा करणारा असा एक अंतःस्राव १९८३ साली सामन माशाच्या ग्रंथीतून वेगळा काढण्यात आला. पुढे कळले, की तो माणसाच्या मेंदूतही आहे. तिथे त्याचा संबंध भूक आणि झोप यांच्याशी आहे. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनीही तरुणपणी आपल्या संशोधनाची सुरुवात लहान माशांच्या रंगबदलापासूनच केली होती. शाळेत हा प्रयोग सहज होतो. ओढ्यातले तपकिरी लहान मासे दोन बरण्यांत ठेवा, एकीला बाहेरून पांढरा कागद गुंडाळा, दुसरीला काळा. तासाभराने दोन्ही बरण्या शेजारी ठेवून मुलांना पाहू द्या. काही जातींत फरक लगेच दिसतो, काहींत उशिरा. प्रयोग झाला की मासे जिथून आणले तिथेच परत सोडा.

आता चौथे कारण, आणि सगळ्यांत महत्त्वाचे: पाणी. माझा मासा इथेच गेला.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच उत्सर्ग करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. बंद गोठ्यात सकाळी शिरलात की नाकाला झोंबणारा जो वास येतो, तोच हा. गोठ्यात आपण दार उघडून मोकळे होतो. भांड्यातल्या माशाला दार नाही. तो अमोनिया त्याची कातडी आणि कल्ले भाजून काढतो. पर तांबडे होतात, मासा तळाशी बसतो किंवा वर येऊन तोंड मिटवत-उघडत राहतो. मग तळ्यातले मासे का मरत नाहीत? कारण तळ्यात पाणी पुष्कळ, आणि दगडावर, चिखलात न दिसणारे जिवाणू असतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी, आणि झाडांचे ते खतच. तुम्ही शेतात युरिया टाकता तेव्हा जमिनीतले जिवाणू त्याच्यावर हेच काम करतात आणि मग पीक ते उचलते. म्हणजे शेताची जमीन आणि माशाची टाकी यांचा कारभार एकाच तऱ्हेचा आहे.

नव्या भांड्यात हे जिवाणू नसतात. ते जमायला महिना-दीड महिना लागतो. आमचे मासे नवव्या दिवशी आजारी पडले ते यामुळे. दहाव्या दिवशी अर्धे पाणी बदलले, अमोनिया कमी झाला, भाजलेली कातडी भरून येऊ लागली. आणि जखम भरताना तिथे काळ्या रंगपेशी गोळा होतात. गुडघा खरचटून बरा झाला की काही दिवस तिथे काळपट डाग राहतो ना, तसेच. मी ज्याला रोग समजलो ती जखमेची खपली होती. ते डाग पुढे आपोआप गेलेही असते.

मग मी काय केले? घासून घासून खड्यांवर जमू लागलेले जिवाणू धुऊन टाकले, आणि क्लोरीनचे ताजे पाणी घातले. टीसीएल पावडर माणसासाठी चांगली आहे, ती टाकलीच पाहिजे. ती पटकीचे जंतू मारते. पण माशाचे कल्ले नाजूक. क्लोरीन त्यांनाही जाळतो. म्हणून नळाचे पाणी पसरट भांड्यात उघड्यावर एक दिवस ठेवावे, मधूनमधून ढवळावे, मग वापरावे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, सगळे कधीच नाही. खडे साबण-सोड्याने घासू नयेत. काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळून घ्यावेत. काढलेले पाणी तुळशीला किंवा वाफ्यात घालावे. झाड आनंदाने घेते. आणि गोल काचेच्या भांड्यात सोनेरी मासा ठेवूच नये. तो वीतभर वाढणारा मासा आहे. मोठी टाकी नसेल तर अंगणातला सिमेंटचा हौद किंवा दगडी डोणी फार उत्तम. डासांच्या अळ्या खाऊन तो तुमचे थोडे कामही करील.

आता खरे आजार. अंगभर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा दगडावर अंग घासू लागला, तर तो एका सूक्ष्म परजीवीचा रोग आहे. तो पसरतो, आणि त्यावर उपचार लागतात. पण तसेच बारीक पांढरे दाणे फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीने दिसले, तर मासा नर आहे आणि विणीचा हंगाम आला आहे, एवढाच अर्थ. अशा नराला औषध पाजणारे लोक मी पाहिले आहेत. जखमेवर कापसासारखी बुरशी दिसली किंवा परांत रक्ताच्या रेघा दिसल्या, तर आधी पाणी सुधारा, मग जाणकाराला विचारा.

पाचवे कारण म्हातारपणाचे. सोनेरी मासा आठवडाभरात मरायचाच, असे पुष्कळांना वाटते, कारण आपल्याकडे तो आठवडाभरात मरतो. वास्तविक नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडात यॉर्कशर परगण्यात १९५६ साली जत्रेतल्या खेळात एका मुलाला असा एक मासा बक्षीस मिळाला. तो १९९९ साली मेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन. जत्रेतलाच मासा! इतक्या वर्षांत त्याचा नारिंगी रंग ओसरून तो रुपेरी झाला होता. आजोबांचे केस पांढरे झाले म्हणून आपण त्यांना इस्पितळात नेत नाही. चांगला खाणारा, पोहणारा मासा वर्षावर्षाने पांढरा होत असेल, तर त्यालाही सुखाने पांढरा होऊ द्या.

तेव्हा रंग बदललेला दिसला की काय करायचे? हात घालण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, बदल चटकन झाला की हळूहळू? महिनोन् महिने चाललेला बदल बहुधा वयाचा, रक्ताचा किंवा खाण्याचा. दोन-चार दिवसांतला बदल बहुधा पाण्याचा किंवा रोगाचा. दोन, बदल कुठे झाला? सगळ्या अंगाचा, की डागडागांनी, की परांच्या कडांवर? तीन, मासा वागतो कसा? खातो का, पोहतो का, की तळाशी पर मिटून बसला आहे? आणि चार, गेल्या पंधरवड्यात पाणी कधी, किती आणि कुठले बदलले? या चार प्रश्नांची उत्तरे नीट आली, तर दहांतल्या नऊ वेळा औषधाच्या बाटलीची गरज पडत नाही.

जाता जाता एक विनंती. मासा नकोसा झाला म्हणून तो ओढ्यात, नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. ते जीवदान नव्हे. एक तर तो मरतो. आणि तगला तर फोफावतो, तळ ढवळून पाणी गढूळ करतो, आणि तिथल्या माशांचे अन्न खातो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल गावच्या तळ्यात लोकांनी सोडलेले हे मासे भलेमोठे झालेले आढळले, आणि २०२१ साली त्या नगराला लोकांना जाहीर विनंती करावी लागली की हे थांबवा. आणि गंमत पाहा: उघड्या पाण्यात पिढ्या उलटल्या की हे मासे पुन्हा तपकिरी होत जातात. भडक पिल्ले बगळा आणि खंड्या आधी टिपतात, मळकी वाचतात, आणि त्यांचीच संतती वाढते. माणसाने हजार वर्षे निवडून जे सोने घडवले, ते बगळा काही वर्षांत निवडून परत माती करतो.

आमच्या शाळेत तो काळ्या डागांचा मासा आता अंगणातल्या हौदात आहे. डाग महिन्याभरात गेले. त्या मुलीची वही मी जपून ठेवली आहे. दर वर्षी नव्या वर्गाला ती दाखवतो आणि सांगतो, की ही वही वाचली असती तर आपल्याकडे दोन मासे असते. मुले विचारतात, "मग गुरुजी, तुम्ही का नाही वाचली?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. पण प्रश्न विचारला जातो, याचे मला समाधान आहे.

तुमच्या घरी किंवा शाळेत असा मासा असेल, तर त्याच्या शेजारी एक वही आणि पेन्सिल टांगून ठेवा, आणि लिहिण्याचे काम पोरांवर सोपवा. वाचण्याचे मात्र आपण करू.